नदीच्या उशाशी राहणारे

नागपूरला जिच्यावरून नाव मिळालं ती नाग नदी शहरालगतच्या वाडीच्या शेजारी, लावा गावालगतच्या टेकड्यांत उगम पावते. तिथलं पाणी वाडीच्या बाजूनं उतरत अंबाझरी तलावात येतं आणि तलावाच्या सांडव्यावरून शहरात शिरतं. सुमारे १७ किलोमीटर शहर ओलांडून ते पुढे पिवळी नदीला, मग कन्हानला आणि शेवटी वैनगंगेला मिळतं. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणात साठणाऱ्या पाण्यात लाव्याच्या टेकडीवर पडलेला पाऊसही असतो. वाडीत वर्षानुवर्षं राहणाऱ्या कितीतरी घरांना हे ठाऊक नसतं. त्यांच्या लेखी तो नाला आहे, पावसाळ्यात भरणारा आणि उन्हाळ्यात वास मारणारा.

निसर्ग पाहायचा म्हटलं की याच घरांत पेंचच्या सफारीचं बुकिंग निघतं. पहाटे तीनला उठायचं, जिप्सीत बसायचं, वाघ दिसला तर फोटो आणि नाही दिसला तर दिवस वाया. पेंचला जरूर जावं. पण वर्षातून एकदा चार तास जंगल पाहून शहरातल्या माणसाचं मातीशी तुटलेलं नातं जुळत नाही. ते जुळायचं असेल तर घरामागच्या नाल्यापासून सुरुवात करायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

वाडीचं रूप एका पिढीत पालटलं. अमरावती मार्गावर ट्रान्सपोर्टची गोदामं उभी राहिली, रात्रंदिवस ट्रक सुरू झाले, शेतांचे लेआउट पडले. महाराष्ट्राची ४५ टक्क्यांहून अधिक लोकसंख्या शहरी आहे, असं २०११ची जनगणना सांगते. अशा ठिकाणी वाढणाऱ्या मुलांना आंब्याचा मोहर कधी येतो हे कॅलेंडरवरूनही सांगता येत नाही. दोष मुलांचा नाही. दाखवणारं माणूस सोबत नसतं.

हा नुसता हळवेपणा नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी रॉजर उल्रिच या संशोधकानं तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. हा अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. आठवड्याला किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये आरोग्य आणि समाधान चांगलं असल्याचं सांगणारे जास्त होते. ही दोन तासांची वेळ एकदम काढली की थोडी थोडी, यानं फरक पडत नव्हता. नोकरी, शिफ्ट आणि मुलांच्या शिकवण्या सांभाळणाऱ्या घरासाठी यातली शेवटची गोष्ट सगळ्यात कामाची आहे. रोज वीस मिनिटं तर कुणालाही काढता येतात.

पहिलं पाऊल म्हणून नाल्याच्या उगमाकडे चालत जावं. जूनअखेरीस चांगला पाऊस झाला की त्यानंतरची उघडीप बघून निघायचं. आपल्या लेआउटमधलं पावसाचं पाणी कुठल्या नालीत पडतं, ती नाली कुठं मिळते, हे आधी बघायचं आणि मग प्रवाहाच्या उलट्या दिशेनं रस्त्या-रस्त्यानं चढत जायचं. मुलं या कामात मोठ्यांपेक्षा हुशार निघतात. टेकडीकडे जाताना पायाखाली काळा दगड लागतो. तो बसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहत आलेला लाव्हारस. पश्चिमेकडून पसरलेलं हे काळं पठार नागपूरजवळ संपतं आणि शहराच्या पूर्वेला त्याहून कितीतरी जुने खडक वर येतात. म्हणजे वाडीकर त्या पठाराच्या अगदी काठावर राहतात. लाव्हाच्या दोन थरांच्या मधल्या काळात इथं तळी होती. नागपूरच्या टाकळीजवळ त्या तळ्यांतल्या शंखशिंपल्यांचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात स्टीफन हिस्लॉप या मिशनरी शिक्षकानं शोधून काढले. ज्यांच्या नावानं आज कॉलेज आहे तेच हे हिस्लॉप. शाळा सांभाळून ते आसपासची गावं फिरत आणि दगड गोळा करत. आपल्या गावाभोवती नीट डोळे उघडे ठेवून चालणाऱ्या माणसाच्या हाती काय काय लागतं, याचं याहून चांगलं उदाहरण नागपुरात नाही.

उगमापर्यंत चालणं रोज जमणार नाही, पण एक झाड रोज भेटू शकतं. ‘सीझनवॉच’ नावाचा देशव्यापी उपक्रम आहे. त्यात माणसानं एक झाड निवडायचं आणि आठवड्यातून एकदा त्याची पानं, फुलं, फळं कोणत्या अवस्थेत आहेत हे नोंदवायचं. शाळांमधली हजारो मुलं हे करतात. ऋतू बदलताहेत का हे कळायला शास्त्रज्ञांना अशाच नोंदी लागतात. वाडीकराला झाड निवडायचं असेल तर मी पळस सुचवीन. थंडी सरता सरता तो पानं गाळतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण फांद्यांवर फुलांचे घोस धरतो. एखादं फूल हातात घेऊन पाहा. देठाजवळ काळपट, मखमली वाटी आणि तिच्यातून निघालेली पोपटाच्या चोचीसारखी वाकडी केशरी पाकळी. वास जवळजवळ नाही, कारण त्याला बोलवायचे असतात ते पक्षी, आणि पक्षी येतात रंगाकडे. सकाळी सातच्या सुमारास झाडाखाली उभं राहिलं की शिंजीर, साळुंक्या, बुलबुल एकामागून एक येतात, मध चाखतात आणि कपाळावर परागकण घेऊन दुसऱ्या झाडावर जातात. एप्रिल-मेमध्ये चपट्या शेंगा लोंबतात. एका शेंगेत, अगदी टोकाला, एकच बी. मे अखेरीस नवतपा सुरू होईपर्यंत तोच पळस दाट पानांनी भरून सावली द्यायला लागलेला असतो. घरात कूलरच्या वाळ्याला पाणी मारणाऱ्या माणसानं त्या वेळी त्याच्याखाली एकदा उभं राहून पाहावं.

याच पळसाचे मेढे, म्हणजे फांद्या, पोळ्याला विदर्भात दाराशी लावतात आणि दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते. फ्लॅटमधल्या घरातही एखादी आजी फांदी आणायला सांगतेच. ती फांदी बाजारातून विकत न आणता नातवाला सोबत घेऊन झाडापर्यंत जावं, एवढंच मागणं आहे. स्वयंपाकघराचंही तसंच. पहिल्या पावसानंतर कोवळा तरोटा उगवतो, मग काटवलं येतात, वास्ते येतात, उन्हाळ्यात घोळ आणि चिवळ मिळते. आठवडी बाजारात या भाज्या घेऊन बसणाऱ्या बायकांना त्या कुठून आणल्या, कशा निवडायच्या, हे विचारलं की त्या आनंदानं सांगतात. ऑगस्टमध्ये कृषी विभागाचे रानभाजी महोत्सवही भरतात. मात्र ओळख पक्की नसेल तर स्वतः तोडून खाऊ नये, आणि सांडपाण्याच्या काठची भाजी तर मुळीच घेऊ नये.

पक्ष्यांसाठी फार लांब जावं लागत नाही. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल, म्हणजे पिवळ्या पायांचं हिरवं कबुतर, जमिनीवर क्वचित उतरतो आणि वड, पिंपळ, उंबर पिकले की थव्यानं येतो. डिफेन्स वसाहतीच्या बाजूला जुनी मोठी झाडं आहेत, तिकडच्या रस्त्यानं सकाळी जाताना झाडांचे शेंडे बघत जावं. पानांत बसलेला हरियाल दिसत नाही. ऊन खायला उघड्या फांदीवर आला की अचानक दहा-बारा दिसतात. हिवाळ्यात विजेच्या तारांवर नीळकंठ असतो, नाल्याकाठी खंड्या आणि ढोकरी असतात. नोव्हेंबरच्या ५ ते १२ तारखांना राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा जन्मदिवस. चितमपल्ली मूळचे सोलापूरचे, पण वनखात्याच्या नोकरीत नवेगाव आणि नागझिऱ्याची जंगलं त्यांनी पायी पालथी घातली आणि विदर्भाच्या रानाला मराठीत शब्द दिले. जून २०२५ मध्ये ते गेले. त्यांची पुस्तकं घरात असलेल्या वाडीकरानं त्यातलं एक प्रकरण मुलांना वाचून दाखवावं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना बाहेर न्यावं.

सुट्टीच्या दिवशी मोठी फेरी करायची तर अंबाझरीचं जैवविविधता उद्यान, सेमिनरी हिल्स आणि गोरेवाडा ही तिन्ही ठिकाणं जवळ आहेत. गोरेवाड्याच्या जंगलात बिबटे मोकळे फिरतात, त्यामुळे ठरलेली वाट आणि ठरलेली वेळ सोडू नये. पावसाळ्यात गवतात पाय टाकताना बूट हवेत. तलावात कुणीही, कितीही पोहता येत असलं तरी, उतरू नये.

नाल्याच्या कडेनं चालणाऱ्याला एक गोष्ट टाळता येत नाही. वर टेकडीकडे पाणी बरं असतं, वस्ती सुरू झाली की त्याचा रंग बदलतो. १८७० मध्ये बांधलेल्या अंबाझरी तलावानं एके काळी नागपूरला पिण्याचं पाणी दिलं. आज त्यात वाडीकडचं आणि औद्योगिक वसाहतीकडचं सांडपाणी येतं, ही तक्रार कित्येक वर्षांची आहे. मैल्यातलं नत्र आणि साबणातलं स्फुरद यांवर जलपर्णी पोसते, पाण्यावर झाकण घालते आणि कुजताना माशांचा प्राणवायू खाऊन टाकते. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. अंबाझरी ओसंडला, सांडव्याखालच्या वस्त्यांत पाणी शिरलं आणि माणसं दगावली. सांडव्यातले अडथळे, पात्रातली बांधकामं अशी कारणं सांगितली गेली. उगमाकडच्या माणसांचाही त्यात वाटा आहे. अंगणात भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशी घातली की पाऊस मुरायला जागा उरत नाही, तो सगळा एकाच वेळी खाली धावतो. चार फूट माती मोकळी ठेवली, गच्चीचं पाणी विहिरीत किंवा बोअरमध्ये सोडलं तर ते इथंच राहतं.

नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी सुमारे १,९०० कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर झालेला आहे. पण नदीचा माथा नागपूर महापालिकेच्या हद्दीबाहेर, वाडी नगर परिषद आणि लावा, दवलामेटीसारख्या गावांकडे आहे. तिथला मैला तिथंच अडवून शुद्ध केला नाही तर खालची यंत्रणा कितीही मोठी असली तरी अंबाझरीत घाण येतच राहील. तेव्हा नाल्याकाठी फिरून आलेल्या वाडीकरांनी पुढच्या सोमवारी नगर परिषदेत जाऊन तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: आमच्या लेआउटचं सांडपाणी कुठं जातं, पावसाच्या पाण्याची नाली त्याहून वेगळी आहे का, आणि नसेल तर ती कधी वेगळी होणार.