मेंटेनन्सची वेळ कोणी ठरवायची?

दौंडहून दक्षिणेला निघालात की थोड्याच वेळात पुणे-सोलापूर महामार्गावरचे कुरकुंभ येते. फिरंगाई देवीचे हे गाव आता रासायनिक कारखान्यांच्या एमआयडीसीमुळे जास्त ओळखले जाते. सलग चालणारी रासायनिक प्रक्रिया संध्याकाळी सहाला कुलूप लावून घरी जाण्यातली नसते; म्हणून इथे तिसरी पाळी असते, आणि म्हणूनच प्लांट दुरुस्तीसाठी बंद ठेवायचा म्हटले की त्याची तयारी आधीपासून सुरू होते. तारीख ठरते, परमिट निघते, कोणती लाइन रिकामी करायची आणि कोणता व्हॉल्व्ह बंद ठेवायचा ते लिहिले जाते, आणि येणाऱ्या प्रत्येक पाळीला ते सांगितले जाते. लिनक्सवर चालणारा कॉम्प्युटरही आपल्या डिस्कची अशीच नियमित देखभाल करतो. पण तो कोणाला विचारत नाही, सांगत तर मुळीच नाही. सकाळी बिल काढायला बसलेल्या माणसाला एवढेच दिसते की माउसचा बाण हलतो आहे, पण क्लिक केले की काहीच होत नाही. तो म्हणतो, ‘हँग झाला.’ आणि बटण दाबून मशिन बंद करतो.

हे बटण दाबणे बहुतेक वेळा चुकीचे असते. त्याचे कारण आज अनेकांना कळण्याची गरज आहे, कारण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ न चालणारे जुने कॉम्प्युटर लिनक्सवर नेण्याचा विचार घराघरांत, छोट्या ऑफिसांत सुरू झाला. या जुन्या मशिनमध्ये बहुधा फिरती हार्ड डिस्क असते, आणि हँग होण्याचा हा प्रकार सर्वात जास्त तिथेच छळतो.

आधी डिस्कचे गणित पाहू. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद जातात. टोक योग्य जागी सरकायला आणखी आठ-नऊ. म्हणजे विखुरलेली माहिती वाचायची असेल तर ही डिस्क सेकंदाला जेमतेम ८० कामे उरकते. देखभालीच्या प्रोग्रामने त्यातली ७० घेतली तर तुमच्या ब्राउझरला, हिशेबाच्या फाइलला आणि लॉगिनच्या खिडकीला मिळून १० उरतात. प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी तो वाट पाहत बसतो. ज्या प्रोग्रामने डिस्ककडे मागणी केली आणि उत्तर आलेले नाही, त्याला लिनक्स ‘डी’ या अवस्थेत ठेवते. या अवस्थेतला प्रोग्राम सक्तीचा ‘किल’ आदेश दिला तरी मरत नाही, डिस्कचे उत्तर आल्यावरच हलतो. म्हणूनच अडकलेली खिडकी बंद करण्याची धडपड वाया जाते.

मग ही देखभाल नेमकी कसली? ती कोणत्या फाइल सिस्टिमवर आहात त्यावर ठरते. बहुतेकांच्या मशिनवर असते ती ईएक्सटी४, २००८ च्या अखेरीस कर्नल २.६.२८ मध्ये पक्की झालेली. तिचे फारसे दुखणे नाही. पूर्वी ठरावीक वेळा सुरू केल्यावर किंवा १८० दिवस झाल्यावर कॉम्प्युटर चालू होतानाच पूर्ण तपासणी लागायची आणि मोठ्या डिस्कवर ती बराच वेळ चालायची. २०११ नंतरच्या साधनांनी तयार केलेल्या डिस्कवर ही सक्ती मुळातच बंद असते. जुन्या सर्व्हरवर मात्र ती अजून सापडते. ‘ट्यून२एफएस’ ही कमांड ‘एल’ पर्यायासह चालवली की ‘मॅक्सिमम माउंट काउंट’ दिसतो. तिथे उणे एक असेल तर किती वेळा सुरू केले त्यावरून होणारी सक्ती नाही.

खरी कहाणी बीटीआरएफएसची. २००७ मध्ये ओरॅकलमध्ये असताना ख्रिस मेसन यांनी ती जाहीर केली, २००९ मध्ये ती लिनक्सच्या कर्नलमध्ये आली, २०१४ च्या अखेरीस ओपनसुसे १३.२ या लिनक्सच्या वितरणाने मूळ विभागासाठी ती आपोआप निवडायला सुरुवात केली आणि २०२० मध्ये फेडोरा ३३ ने डेस्कटॉपसाठी. तिचे गुण मोठे आहेत. क्षणात स्नॅपशॉट घेता येतो, अपडेट बिघडले तर मागे जाता येते, प्रत्येक तुकड्याची बेरीज (चेकसम) नोंदलेली असल्यामुळे डिस्कने गुपचूप चुकीची माहिती दिली तर ती पकडली जाते. पण या गुणांची किंमत देखभालीत मोजावी लागते. ही फाइल सिस्टिम डिस्कची जागा मोठ्या खंडांत वाटते, माहितीसाठी साधारण एक जीबीचा एक खंड. फाइली येत-जात राहिल्या की अर्धे-पाव भरलेले खंड साचतात. मग नोंदी ठेवायला नवा खंड हवा असतो तेव्हा तो मिळत नाही, आणि ‘जागा शिल्लक’ दिसत असतानाही डिस्क भरल्याचा संदेश येतो. यावर उपाय म्हणजे बॅलन्स: कमी भरलेल्या खंडांतला माल उचलून दुसरीकडे लिहायचा आणि खंड मोकळे करायचे. ओपनसुसेमध्ये ‘बीटीआरएफएसमेंटेनन्स’ नावाचे पॅकेज हे काम आठवड्याला करत आले आहे, आणि सगळी माहिती वाचून बेरजा पडताळणारा ‘स्क्रब’ महिन्याला.

इथपर्यंत ठीक. पण ओपनसुसेमध्ये ‘स्नॅपर’ हा प्रोग्राम आपोआप स्नॅपशॉट घेतो, आणि कोणता स्नॅपशॉट किती जागा खातो हे मोजायला ‘कोटा’ चालू केलेला असतो. एकच तुकडा दहा-वीस स्नॅपशॉटमध्ये सामाईक असतो. बॅलन्सने तो तुकडा हलवला की कोटा त्या सगळ्यांचा हिशेब नव्याने मांडतो. तोवर बदलांची नोंद पक्की करण्याचे काम, जे एरवी दर ३० सेकंदांनी होते, खोळंबते; आणि ज्या प्रोग्रामला ‘माझे लिहिलेले डिस्कवर गेले का’ याची खात्री हवी असते ते सगळे त्याच्यामागे रांगेत उभे राहतात. ब्राउझर, मेल, डेटाबेस हे सगळे अशी खात्री मागणारे. म्हणून हे हँग होणे लाटांसारखे येते: थोडा वेळ सगळे ठप्प, मग क्षणभर सुटते, पुन्हा ठप्प. अशा वेळी ‘टॉप’ चालवले की ‘बीटीआरएफएस-क्लीनर’ किंवा ‘बीटीआरएफएस-ट्रान्झॅक्शन’ अशी नावे प्रोसेसर खाताना वर दिसतात. २०१९ च्या आसपासच्या कर्नलपासून या हिशेबात बरीच सुधारणा झाली आहे. तरीही फिरत्या डिस्कवर, डझनावारी स्नॅपशॉट साठवून, कोटा चालू ठेवणे मला शहाणपणाचे वाटत नाही. ‘बीटीआरएफएस कोटा डिसेबल’ करावे आणि स्नॅपरला जागेऐवजी संख्येची मर्यादा घालून द्यावी. घरच्या किंवा छोट्या ऑफिसच्या मशिनसाठी तेवढे पुरते.

आता वेळेचा प्रश्न. माझ्या मते सगळ्या दुखण्याचे मूळ इथे आहे. लिनक्सवर ठरलेल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या सिस्टिमडीच्या टायमरमध्ये ‘वीकली’ लिहिले की त्याचा अर्थ होतो रविवार संपून सोमवार लागतो ते रात्रीचे बारा. एसएसडीला मोकळी जागा कळवणारा ‘एफएसट्रिम’ याच हिशेबाने ठेवलेला असतो. डेबियनमध्ये रोजची कामे सकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी, आठवड्याची रविवारी ६ वाजून ४७ मिनिटांनी. एकमेकींची प्रत ठेवणारी दोन डिस्कची जोडी (रेड) असेल तर डेबियनची जुनी पद्धत महिन्याचा पहिला रविवार लागल्यावर मध्यरात्रीनंतर १२ वाजून ५७ मिनिटांनी पूर्ण जोडीची पडताळणी सुरू करते. हे आकडे ठरवताना एकच समज होता: रात्री आणि पहाटे मशिन चालू असते आणि समोर माणूस नसतो. डेटा सेंटरमध्ये ते खरे आहे. कुरकुंभमध्ये दोन्ही बाजूंनी खोटे. प्लांटमधले मशिन रात्री बाराला चालू असते, पण समोर तिसऱ्या पाळीचा माणूस बसलेला असतो. ऑफिसातले मशिन रात्री बंद असते, आणि या टायमरमध्ये ‘पर्सिस्टंट’ ही सोय असते: चुकलेले काम मशिन पुन्हा चालू झाल्याबरोबर करायचे. म्हणजे सोमवारी मध्यरात्रीचे काम सोमवारी सकाळी नऊला, मालाची चलने काढायच्या नेमक्या वेळी, सुरू होते. ज्याला आपण ‘सोमवारी कॉम्प्युटर स्लो असतो’ म्हणतो, त्याचे कारण पुष्कळदा इतके साधे असते.

ही शंका खरी की खोटी हे ठरवायला तज्ज्ञ लागत नाही. टर्मिनलवर ‘सिस्टिमसीटीएल लिस्ट-टायमर्स’ टाका. कोणते काम शेवटचे कधी झाले आणि पुढचे कधी होणार याचा तक्ता समोर येतो. हँग झालेली वेळ त्याच्याशी ताडून पाहा. मशिन अडकलेले असतानाच पाहायचे असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून साधा काळा पडदा येतो का बघा. तो अनेकदा येतो, कारण त्याला ग्राफिक्सची गरज नसते. तिथे ‘टॉप’मध्ये ‘डब्ल्यूए’समोरचा आकडा मोठा असेल तर प्रोसेसर डिस्कची वाट पाहतो आहे. ‘केस्वॅपडी’ वर असेल तर रॅम कमी पडली आहे, फाइल सिस्टिमला दोष देऊ नका. डिस्कचा दिवा विझलेला, प्रोसेसर रिकामा आणि तरी पडदा गोठलेला असेल तर बहुधा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरकडे बघावे लागेल.

एक शक्यता मात्र जरूर तपासा. स्क्रब किंवा जोडीची पडताळणी डिस्कवरच्या अशाही जागा वाचते ज्यांना महिनोन्‌महिने कोणी हात लावलेला नसतो. तिथे खराब सेक्टर असेल तर डिस्क तो पुन:पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि सगळे तुंबते. माणूस म्हणतो, मेंटेनन्सने मशिन अडकवले, आणि मेंटेनन्स बंद करतो. खरे म्हणजे मेंटेनन्सने मरणारी डिस्क दाखवून दिलेली असते. ‘डीमेसेज’मध्ये ‘आयओ एरर’ दिसला, किंवा ‘स्मार्टसीटीएल’च्या तक्त्यात पाचव्या आणि १९७ व्या ओळखक्रमांकापुढची शेवटची संख्या शून्याहून मोठी असली, तर आधी माहितीची प्रत काढा, बाकीचे नंतर.

आता त्या बटणाकडे. बॅलन्स चालू असताना वीज तोडली तर बीटीआरएफएस सहसा मोडत नाही, कारण ती जुन्या जागेवर न लिहिता नव्या जागी लिहिते. पण अर्धवट राहिलेला बॅलन्स मशिन पुन्हा सुरू झाले की जिथे थांबला तिथून आपोआप पुढे चालू होतो. मशिन पुन्हा अडकते, माणूस पुन्हा बटण दाबतो, आणि हे चक्र दिवसभर चालते. भारनियमनाची आठवण असलेल्या शिरूर-दौंडच्या वाचकाला वेगळे सांगायला नको की वीज गेल्यावरही हेच होते. यातून सुटायचे तर सुरू होताना बूटच्या ओळीत ‘रूटफ्लॅग्ज’मध्ये ‘स्किप_बॅलन्स’ घाला, आणि आत आल्यावर ‘बीटीआरएफएस बॅलन्स कॅन्सल’ करा. मशिन थोडेफार प्रतिसाद देत असेल तर बटणाऐवजी हीच कॅन्सलची कमांड आधी द्या. बॅलन्स थांबायला थोडा वेळ लागू शकतो, म्हणून धीर धरा. अगदीच नाइलाज झाला तर ऑल्ट आणि प्रिंट-स्क्रीन दाबून ठेवून एस, यू, बी ही अक्षरे एकामागोमाग सावकाश दाबा: लिहायचे राहिलेले लिहिले जाते, डिस्क फक्त वाचण्यापुरती होते, मग मशिन पुन्हा सुरू होते. आणि चालू डिस्कवर ‘एफएससीके’ किंवा बीटीआरएफएसचा ‘रिपेअर’ कधीही चालवू नका. हँग झाले म्हणून घाईने केलेल्या अशा दुरुस्तीने शाबूत फाइल सिस्टिम बिघडू शकते.

वेळ बदलणे सोपे आहे. ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ने टायमर उघडा, टायमरच्या भागात आधी ‘ऑनकॅलेंडर’ची एक रिकामी ओळ लिहा आणि तिच्याखाली नवी वेळ. रिकामी ओळ विसरलात तर जुनी वेळ जात नाही, दोन्ही वेळा लागू होतात. बीटीआरएफएसमेंटेनन्सचा कालावधी ‘सिसकॉन्फिग’मधल्या त्याच्या फाइलीत बदलता येतो, बॅलन्स महिन्यावर न्यायला हरकत नाही. ‘आयओनाइस’ने देखभालीला मागच्या रांगेत बसवता येते, पण डिस्कच्या कामांचा क्रम ठरवणारा शेड्यूलर बीएफक्यू असेल तरच ते नीट चालते, ‘नन’ असेल तिथे त्याचा उपयोग नाही. मी स्वतः प्राधान्यापेक्षा वेळ बदलण्यावर जास्त विश्वास ठेवतो.

मात्र टायमर कायमचे बंद करू नका. बॅलन्स कधीच न केलेली डिस्क एक दिवस ‘जागा नाही’ म्हणून थांबू शकते, स्क्रब न केलेल्या डिस्कवरचा बिघाड फाइल वाचायला गेल्यावरच, फार उशिरा कळू शकतो. या आठवड्यात आपल्या मशिनवर ‘लिस्ट-टायमर्स’ एकदा चालवा, ‘नेक्स्ट’च्या रकान्यातली कोणती वेळ तुमच्या कामाच्या वेळेत येते ते पाहा, आणि तेवढी हलवा.