हंगामाआधीचं सुरक्षा प्रशिक्षण: खलाशी जेटीवर असतील तेव्हाच ठेवूया



बोटींवरच्या खलाशांना समुद्रातल्या सुरक्षेचं प्रशिक्षण द्यायला हवं, यावर आपल्यात कधी वाद नसतो. अडतं ते पुढे. १ जून ते ३१ जुलै, बंदीचे ६१ दिवस. हॉल मोकळा, अधिकारी मोकळे, बोटमालक मोकळे. म्हणून कार्यक्रम जूनमध्ये ठरतो. आणि ज्यांच्यासाठी तो ठेवायचा, ते खलाशी तेव्हा ओडिशात, झारखंडात, कर्नाटकात आपापल्या गावी भात लावत असतात. मग पुढच्या खुर्च्यांवर मालक, मागे निवृत्त तांडेल, चहा, सही, फोटो. ऑगस्टमध्ये बोट सुटते तेव्हा तिच्यावरच्या निम्म्या माणसांनी लाइफ जॅकेटचा पट्टा एकदाही बांधून पाहिलेला नसतो.

यंदा तसं होऊ नये म्हणून आखणीबद्दलच सविस्तर लिहितोय. प्रशिक्षणात काय शिकवायचं ते तटरक्षक दलाची माणसं आणि मत्स्योद्योग खात्याची माणसं आपल्यापेक्षा चांगलं जाणतात. पण ते ज्याला शिकवायचं त्याच्यापर्यंत पोचवणं हे काम आपलं, सोसायटीचं आहे.

आधी जिवावरचं काय आहे ते बघूया. पर्सिनच्या बोटीवर तीस-पस्तीस माणसं असतात, ट्रॉलरवर सहा-आठ. रात्री दोन वाजता एक जण पाण्यात पडला असं धरा. बोट सहा नॉटने चालली असेल तर ती एका मिनिटात साधारण १८५ मीटर पुढे जाते. पाण्यावर दिसतं ते फक्त डोकं, नारळाएवढं, आणि लाट मध्ये आली की तेही नाही. त्या पहिल्या मिनिटात चार कामं एकाच वेळी व्हावी लागतात. ज्याने पाहिलं त्याने ओरडायचं आणि हात त्या माणसाकडे रोखून उभं राहायचं. त्याने नजर काढायची नाही, दुसरं कुठलंच काम करायचं नाही. दुसऱ्याने लाइफबॉय फेकायचा. तो मिळाला नाही तर रिकामा कॅन, क्रेट, तरंगेल ते काहीही. तिसऱ्याने जीपीएसवर जागा पकडायची. तांडेलने बोट वळवायची आणि माणसाजवळ आल्यावर गियर न्यूट्रलला टाकायचा, कारण बुडण्याआधी पंखा लागून जीव जाऊ शकतो. मागोमाग पाण्यात उडी कोणी टाकायची नाही. टाकली तर एकाचे दोन होतात. जाळं पाण्यात असेल तर बोट वळणारच नाही. मग सोबतची लहान होडी किंवा जवळची दुसरी बोट, म्हणजे रेडिओ.

ही कामं कोण करणार हे त्या क्षणी ठरवता येत नाही. जाळं ओढताना शिशाच्या बाजूला कोण, बोयांच्या बाजूला कोण, विंचवर कोण, हे आपल्याकडे कोणी विचारत नाही, कारण प्रत्येकाची जागा ठरलेली असते. पडलेला माणूस काढण्याचीही तशीच जागा ठरायला हवी. म्हणून हे प्रशिक्षण हॉलमध्ये पडद्यावर होत नाही. ते जेटीला बांधलेल्या बोटीवर, त्याच बोटीच्या माणसांनी करायचं असतं.

आता तारीख. माझ्या मते एकच मोठा दिवस धरण्याचा हट्ट सोडूया. खलाशी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात येऊ लागतात, काही ऑगस्ट उजाडल्यावर येतात. त्या दिवसांत इंजिन, जाळी, बर्फ, रेशन यातून मालक पूर्ण दिवस देणार नाही, आणि त्याला दोष देण्यातही अर्थ नाही. पण तीन तास देईल. म्हणून बोटवार तुकड्या करूया: एका सकाळी तीन-चार बोटी, आठ ते अकरा. ज्या बोटीची माणसं आली, तिचा नंबर लागला. उशिरा येणाऱ्यांसाठी दुसरी संधी हवामान देतं. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की बोटी जेटीला येतात आणि माणसं पत्ते खेळत बसतात. साहित्य तयार ठेवलं तर त्याच दिवशी राहिलेल्या बोटी घेता येतील. चवथीच्या आठवड्यात मात्र काही ठेवू नका. आपलेच तांडेल घरी असतात.

विषय ठरवण्याआधी विचारणंही तितकंच महत्त्वाचं. पण खलाशाला ‘तुला काय शिकायचंय?’ असं विचारलं तर तो हसेल आणि ‘जे सांगाल ते, पात्रांव’ म्हणेल. त्यापेक्षा विचारा: गेल्या हंगामात भीती कधी वाटली? तेव्हा काय हाताशी नव्हतं? उत्तरं लगेच येतील. जॅकेट केबिनमध्ये कुलपात होतं. इंजिनाच्या खोलीत धूर झाला तेव्हा वायुशामक कुठे ते माहीत नव्हतं. तांडेल झोपला होता आणि रेडिओला हात लावायची कोणाला मुभा नव्हती. तांडेलांना वेगळं विचारा, मालकासमोर नको. आणि घरातल्या बायकांना विचारायला विसरू नका. कोणाला पोहता येत नाही, कोणाला फिट येते, कोण गोळ्या घेतो आणि बोटीवर लपवतो, हे त्यांना ठाऊक असतं. ही माहिती चारचौघांत वाचायची नाही, पण तांडेलला ती असायला हवी.

मग निरोप. आपला निरोप व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जातो. त्या ग्रुपवर मालक आहेत, खलाशी नाहीत. मालक तांडेलला सांगतो, तांडेल जेवताना सांगतो, आणि खलाशापर्यंत पोचतं ते एवढंच की ‘उद्या काहीतरी मीटिंग आहे’. त्याला वाटतं कागद तपासणार असतील, मग तो येतच नाही. उपाय साधा आहे. एक मिनिटाचा आवाजी निरोप तयार करा, हिंदीत आणि उडियात, कन्नडमध्ये लागेल तर कन्नडमध्ये. तो आपल्याच बोटीवरच्या, चार हंगाम काढलेल्या खलाशाने बोलावा. अधिकाऱ्याच्या आवाजापेक्षा त्याचा आवाज लवकर पटतो. निरोपात चारच गोष्टी: कुठे, किती वाजता, किती वेळ, आणि त्या दिवसाची हजेरी कापली जाणार नाही. ही शेवटची गोष्ट राहिली तर बाकीच्या तीन ऐकूनही कोणी येणार नाही. अर्थात ती बोलण्याआधी मालकांनी खरंच मान्य केलेली हवी.

शिकवतानाही भाषेचं तेच. शिकवणारा हिंदीत बोलेल, अर्धी माणसं मान डोलावतील. मान डोलावली म्हणजे समजलं असं धरू नका. प्रत्येक गोष्टीनंतर एका खलाशाला त्याच्या भाषेत बाकीच्यांना परत सांगायला लावा, आणि दुसऱ्याला करून दाखवायला लावा. काय समजलं नाही ते तिथेच उघडं पडतं. यात वेळ जातो, म्हणून विषय कमी ठेवा. तीन तासांत तीन गोष्टी पुरेत: जॅकेट, माणूस पडला तर काय, आणि मदत कशी मागायची. मासळीची स्वच्छता, बर्फाचं प्रमाण, जाळ्याचा आस हेही विषय महत्त्वाचे आहेत, पण त्यांना वेगळा दिवस द्या.

मदत मागण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे एकाच माणसावर सगळं अवलंबून असतं. व्हीएचएफवर संकटाची हाक चॅनल १६ वर द्यायची. बटण दाबून ‘मेडे’ तीनदा, मग बोटीचं नाव, जागा, काय झालं, बोटीवर किती माणसं. मग बटण सोडायचं आणि ऐकायचं. घाबरलेला माणूस बटण दाबूनच ठेवतो आणि समोरून आलेलं उत्तर त्याला ऐकूच येत नाही. मोबाइलची रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर. रेंज किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर संपते, तिथून पुढे रेडिओ आणि ट्रान्सपॉन्डर. उपग्रहावर चालणारे ट्रान्सपॉन्डर देण्याच्या योजनेची सुरुवात ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये झाली. त्यावरून संकटाचा संदेश जातो आणि किनाऱ्यावरचा इशारा बोटीवर येतो. तो मोबाइलमधल्या ॲपला जोडलेला असतो. पण ॲप तांडेलच्या फोनमध्ये, फोन तांडेलच्या खिशात आणि पाण्यात पडला तांडेलच, तर? प्रत्येक बोटीवर किमान आणखी दोघांना हे सगळं चालवता आलं पाहिजे. काही मालकांना भीती असते की खलाशी उगाच बटणं दाबतील. शिकवलं नाही तर नक्कीच दाबतील.

निरोप वेळेवर न पोचण्याची किंमत या किनाऱ्याने पाहिली आहे. २०१७ च्या नोव्हेंबर अखेरीस ओखी वादळ आलं तेव्हा केरळ-तामिळनाडूच्या कितीतरी बोटी इशारा निघण्याआधीच खोल समुद्रात होत्या. अनेक जण परतलेच नाहीत. केरळच्या ६६ आणि तामिळनाडूच्या २ बोटी ९५२ माणसांसह सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या, म्हणून ती माणसं वाचली.

आता कामाची वाटणी. ‘सगळे मिळून बघू’ म्हटलं की कोणीच बघत नाही, हे आपण गणपतीच्या वर्गणीपासून जाणतो. प्रत्येक कामाला एकच नाव द्या. एक जण बोटवार यादी आणि खलाशी जमवण्यासाठी, एक सरकारी पत्रांसाठी, एक बोट, जॅकेट आणि दोर यांसाठी, एक पाणी-नाश्त्यासाठी, आणि एक फक्त घड्याळासाठी. घड्याळवाला थोडा तुसडा असलेला बरा. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं उभ्या-उभ्या भेटायचं आणि प्रत्येकाने एकच सांगायचं: माझं काय अडलंय. काय झालं याची यादी वाचत बसू नये. त्यात वेळ जातो आणि अडलेलं तसंच राहतं.

पत्रं लवकर जायला हवीत. तटरक्षक दल मच्छीमारांसाठी असे कार्यक्रम घेतं, मत्स्योद्योग संचालनालयही मदत करतं, पण ‘आपल्या सोयीने मार्गदर्शन करावे’ असं मोघम पत्र गेलं तर पाहुणा भाषण घेऊन येतो. पत्रात स्पष्ट लिहा: किती माणसं, कोणत्या भाषा, बांधलेल्या बोटीवर प्रात्यक्षिक हवं, हे तीन विषय, ही तारीख आणि ही पर्यायी तारीख, संपर्काला हा एकच माणूस. छातीवर दाब देऊन श्वास चालू करण्याचं शिकवायला जवळच्या आरोग्य केंद्रातून डॉक्टर किंवा नर्स मिळाली तर उत्तम.

सत्कार, शाल, श्रीफळ हे सगळं मला विचाराल तर नको. मंच उभा राहिला की पहिला तास गेला, आणि उन्हात उभा असलेला खलाशी पहिल्या भाषणातच चहाच्या टपरीवर पोचतो.

काय बिघडू शकतं तेही आधीच धरून चाला. पाऊस येणार; जेटीवर ताडपत्री बांधा किंवा लिलावाची शेड मागून ठेवा. शिकवणारे ऐन वेळी दुसऱ्या कामाला जाऊ शकतात; म्हणून आपल्यातल्या दोन जाणत्या तांडेलांनी तीनही विषयांची तयारी ठेवावी. पाण्यात सराव करताना माणूस उतरवायचा नाही, वजन बांधलेला बोया टाकायचा. जॅकेट कमी पडणार, हे तर ठरलेलंच. म्हणून आठवडाभर आधी प्रत्येक बोटीवर जाऊन मोजा: माणसं किती, जॅकेट किती, पट्टे आणि बकल शाबूत किती, शिटी आहे का. पस्तीस माणसं आणि बारा जॅकेट असा हिशोब निघाला तर तो मालकाला प्रशिक्षणाच्या दिवशी सगळ्यांसमोर नको, त्याच संध्याकाळी एकट्याला सांगा. तो आठ दिवसांत आणू शकतो. चारचौघांत सांगितलं तर तो भांडेल आणि जॅकेट येणारच नाहीत.

कार्यक्रम झाला की हजेरीपट फाइलला लागेल. पण उपयोग झाला का ते दोन आठवड्यांनी कळतं. मालिम असो, कुटबण असो, शापोरा असो की खारीवाडा, मासळी उतरवून झाल्यावर बोटीवर जा आणि सगळ्यात नवीन खलाशाला विचारा: जॅकेट कुठे आहे, घालून दाखव. माणूस पडला तर तुझं काम कोणतं? जॅकेट कुलपात असेल तर कुलूप काढा. त्याला उत्तर आलं नाही तर त्या बोटीचा नंबर पुन्हा लावायचा, मालकाला न दुखवता, पण लावायचा.

यासाठी बोटमालकांनी जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चार गोष्टी सोसायटीच्या कार्यालयात द्याव्यात: बोटीवर किती खलाशी, ते कोणत्या भाषा बोलतात, साधारण कधी पोचणार, आणि बोटीवर आज चालू स्थितीत किती जॅकेट आहेत. यादी वहीच्या पानावर हाताने लिहिलेली चालेल. आवाजी निरोपासाठी उडिया आणि कन्नड नीट बोलणारे खलाशी कोणाच्या बोटीवर असतील तर त्यांची नावंही सोबत द्या.