हिवाळा, कोरडी त्वचा आणि इसब

वाशिष्ठी नदी अरबी समुद्रास मिळते, त्या मुखाशी रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ हे प्राचीन बंदर वसले आहे. कोकणातील थंडी देशावरच्याइतकी कडक नसते. तरीही पौषातील पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे कोरडे मतलई वारे अंगाला झोंबू लागले, की टाचांना भेगा पडतात, ओठ फुटतात आणि इसबाचा जुना विकार उचल खातो. खाऱ्या पाण्यात व बर्फात मासळी हाताळणाऱ्या स्त्रियांच्या हातांना याचा उपद्रव विशेष होतो.

याचे कारण त्वचेच्या रचनेत आहे. त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थरात पेशींना सांधणारी स्निग्ध द्रव्ये असतात. ती ओलावा धरून ठेवतात. हात सतत ओले राहिल्याने, तसेच कडक साबण व कढत पाणी यांमुळे हा थर दुबळा होतो. मग त्वचा कोरडी पडून खाज सुटते, खाजवल्याने ती फाटते आणि भेगांतून जंतूंचा शिरकाव होतो.

इसब हा संसर्गजन्य रोग नव्हे. त्यामुळे अशा हातांची मासळी नाकारणे किंवा रुग्णास वेगळे बसविणे सर्वथा निराधार होय. खरूज व गजकर्ण मात्र स्पर्शाने पसरतात. त्यांतील भेद डॉक्टरांकडूनच करून घ्यावा. गजकर्णावर स्टिरॉइडयुक्त मलम लावल्यास प्रथम खाज शमते, पण रोग आतून पसरत जातो. म्हणूनच दुकानातून मनाने मलम आणू नये.

प्रतिबंधक उपाय खर्चिक नाहीत. स्नान कोमट पाण्याने व थोडक्यात उरकावे, साबण सौम्य असावा. अंग टिपून, ते किंचित ओलसर असतानाच तेल लावावे. कोकमाच्या बिया कुटून, पाण्यात उकळून काढलेले तेल कोकणात पूर्वापार भेगांवर लावले जाते. ते थंडीत घट्ट राहते आणि थोडी ऊब मिळताच मऊ होते. मात्र कढत तेल भेगांत सोडू नये. खोबरेल किंवा साधे व्हॅसलीनही उपयुक्त ठरते. मासळीचे काम करताना सुती हातमोज्यांवर रबरी मोजे घालावेत आणि काम संपताच हात गोड्या पाण्याने धुवावेत.

त्वचेतून लस वाहू लागली, पू झाला किंवा ताप आला, तर घरगुती उपाय थांबवून नजीकच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. ज्या हातांवर घरचा चरितार्थ चालतो, त्यांची निगा हा चैनीचा विषय नव्हे.