खाडीकाठी फोकस का भरकटतो?

हिवाळा सुरू झाला की ठाणे खाडीत रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, उतरू लागतात आणि नवी मुंबईतले कॅमेरेवाले सीवूड्सच्या डीपीएस तलावाकडे, टीएस चाणक्य परिसराकडे, ऐरोलीच्या जेट्टीकडे वळतात. फोटो काढताना क्षणात फोकस पकडणारा डीएसएलआर व्हिडिओ सुरू करताच मात्र चाचपडू लागतो. डोके उलटे धरून, चोचीने सूक्ष्म शैवाल गाळत पक्षी चालत असतो. पडद्यावर तो धूसर होतो, स्पष्ट होतो, पुन्हा धूसर. मध्येच पुढची तिवराची फांदी लख्ख दिसते आणि मागचा अख्खा थवा गुलाबी डाग होऊन जातो. लेन्स बिघडली, असे अनेकांना वाटते.

लेन्स बहुधा ठणठणीत असते. खरी अडचण आहे ती आरशाची.

फोटो काढताना लेन्समधून आलेल्या प्रकाशाचा काही भाग आरसा कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या फोकस सेन्सरकडे पाठवतो. दोन बाजूंनी आलेल्या प्रतिमांची तुलना करून हा सेन्सर लेन्स कोणत्या दिशेला आणि किती फिरवायची, हे एका झटक्यात सांगतो. याला फेज डिटेक्शन म्हणतात. व्हिडिओसाठी आरसा वर उचलावाच लागतो. मग त्या सेन्सरपर्यंत प्रकाश पोहोचत नाही. उरतो तो मुख्य सेन्सर आणि कॉन्ट्रास्ट पाहण्याची पद्धत. जुन्या रेडिओचे बटण मागे-पुढे फिरवून स्टेशन लावावे, तशी ही पद्धत लेन्स हलवत राहते. कडा सर्वांत ठळक कुठे दिसतात, हे तिला त्या बिंदूच्या पुढे जाऊन आल्याशिवाय कळत नाही. याच हालचालीला छायाचित्रकार ‘हंटिंग’ म्हणतात. खाडीवर सकाळी धुरकट हवा असते, चिखल आणि पाणी एकाच करड्या रंगाचे दिसते. ठळक कडाच नसल्या की कॅमेरा आणखी गोंधळतो.

२००८ मध्ये आलेला निकॉनचा डी९० हा व्हिडिओ घेणारा पहिला डीएसएलआर. त्यात चित्रीकरण चालू असताना ऑटोफोकस नव्हताच. २०१० च्या डी३१०० मध्ये तो आला, पण कॉन्ट्रास्टवर चालणारा. मोठा बदल झाला २०१३ मध्ये. कॅननने ७०डी मध्ये मुख्य सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलचे दोन भाग केले. आरसा वर असतानाही फेज डिटेक्शन शक्य झाले आणि फोकस संथ, सलग सरकू लागला. पुढे ८०डी, २००डी यांनाही हे ‘ड्युअल पिक्सेल’ तंत्र मिळाले. निकॉनने २०२० च्या डी७८० मध्ये सेन्सरवरचे फेज डिटेक्शन आणले.

हातात जुना कॅमेरा असला तरी खाडीवर चांगला व्हिडिओ घेता येतो. आधी फोटोसारखा फोकस लावावा, मग लेन्सवरचे बटण ‘एमएफ’वर, म्हणजे मॅन्युअल फोकसवर, टाकून रेकॉर्डिंग सुरू करावे. लाइव्ह व्ह्यूमध्ये चित्र दहापट मोठे करून पक्ष्याच्या डोळ्याशी स्पष्टता तपासावी. छिद्र लहान ठेवावे: क्रॉप सेन्सर, ३०० मिलिमीटर लेन्स आणि ३० मीटरवरचा पक्षी असेल, तर एफ/५.६ वर सुमारे दोन मीटरचा पट्टा स्पष्ट राहतो. एफ/११ वर तो चारेक मीटर होतो. चरणारा पक्षी तेवढ्यात सहज मावतो. ऑटोफोकस वापरायचाच असेल तर एसटीएम लेन्स घ्यावी. तिची मोटर शांत चालते आणि माइकमध्ये घरघर येत नाही.

थवा एकदम उडतो तेव्हा मात्र ड्युअल पिक्सेल नसलेल्या जुन्या डीएसएलआरच्या ऑटोफोकसवर विसंबू नये. अशा वेळी थोडे दूरचे, रुंद चित्र घ्यावे. आणि व्हिडिओ हेच मुख्य काम असेल, तर नवा खर्च डीएसएलआरवर न करता आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यावर करावा. त्याच्या मुख्य सेन्सरवरच फेज डिटेक्शन असेल, तर ही अडचण फारशी उद्भवत नाही.