रुपयाला एक आणा

दरवर्षी ३ जानेवारीला आमच्या महिला मंडळातल्या आम्ही दोघी-तिघी गावाबाहेरच्या वस्तीवरच्या शाळेत जातो. सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालायचा, मुलींची पाठ केलेली भाषणं ऐकायची, खाऊ वाटायचा, की झाला कार्यक्रम. भाषणंही ठरलेलीच. भिडे वाडा, १८४८ साल, अंगावर पडणारा चिखल आणि शेण, पिशवीत ठेवलेलं दुसरं लुगडं. ऐकताना दर वेळी डोळ्यांत पाणी येतं हे खरं, पण दुसऱ्या दिवशी आपण आपल्या कामाला लागतो, हेही तितकंच खरं.

या वेळी मात्र चहा पिताना एका मावशींनी मला कोड्यात टाकलं. मावशी शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत. पूर्वी अंगठा उठवायच्या, बचतगटात आल्यापासून सही करतात. म्हणाल्या, "ताई, सावित्रीबाईनं शाळा काढली, समद्यांनी सांगितलं. पर त्या शाळंचं भाडं कोन देत हुतं? मास्तरांचा पगार कोन देत हुतं?"

बी. ए.ला माझा इतिहास विषय होता, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आणि मावशींना तो का पडला, तेही समोर दिसत होतं. शाळेच्या एका खोलीचे पत्रे दोन पावसाळे गळताहेत. समितीच्या प्रत्येक बैठकीत "निधी नाही" एवढंच कानावर येतं. ज्या बाईला घर चालवायचं असतं, तिला पैशाचा प्रश्न आधी सुचतो!

घरी येऊन पुस्तकं काढली. फुले दांपत्याच्या शाळा वर्गणीवर आणि देणग्यांवर चालल्या, पुढे सरकारच्या दक्षिणा फंडातूनही त्यांना मदत मिळाली. हा दक्षिणा फंड म्हणजे पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दिल्या जाणाऱ्या दक्षिणेचा पैसा, इंग्रजांनी पुढे चालू ठेवलेला. त्यातला काही वाटा मुलींच्या आणि अस्पृश्य मुलांच्या शाळांना मिळावा, ही त्या काळात केवढी मोठी गोष्ट!

पण या झाल्या पुणे शहरातल्या मोजक्या शाळा. पुणे जिल्ह्यातल्या, सातारा, सोलापूरकडच्या खेड्यांतल्या शाळांचं काय? तिथे आधी पंतोजीची गावठी शाळा असायची. देवळात नाहीतर कुणाच्या ओसरीवर मुलं धुळपाटीवर अक्षरं गिरवायची आणि पालक पंतोजीला धान्य, चार पैसे द्यायचे. १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षणखातं सुरू झालं आणि गावोगाव शाळा काढायच्या ठरल्या. शाळा काढायच्या म्हणजे पैसा हवा. तो कुठून आणायचा?

तर शेतकऱ्याकडून! सरकारनं जमिनीच्या साऱ्यावर जादा पट्टी बसवली, रुपयाला एक आणा. १८६०च्या दशकात ती सुरू झाली आणि १८६९च्या कायद्यानं पक्की झाली. तिला 'लोकल फंड' म्हणत. या आण्यातले दोन हिस्से रस्त्यांसारख्या कामांना आणि एक हिस्सा शाळांना. आणा म्हणजे बारा पै, म्हणजे शाळेच्या वाट्याला रुपयामागे चार पै.

मी आपला गृहिणीचा हिशेब करून पाहिला. तीस रुपये सारा भरणारा शेतकरी तीस आणे पट्टी देणार, त्यातले दहा आणे शाळेचे. वर्षाचे दहा आणे! एका मास्तराला महिना बारा रुपये द्यायचे तर वर्षाला १४४ रुपये लागतात. तेवढे चार-चार पैंनी जमवायला जवळजवळ सात हजार रुपयांचा सारा हवा. लहान गावाच्या आवाक्यातली ही गोष्टच नव्हे. म्हणून पैसा जिल्ह्याच्या फंडात एकत्र व्हायचा आणि कलेक्टरच्या अध्यक्षतेखालच्या कमिटीच्या हातात असायचा. पट्टी प्रत्येक गावाची, शाळा मात्र काही गावांनाच.

ही गोष्ट सरकारच्या तोंडावर कोणी सांगितली असेल, तर जोतीराव फुल्यांनी. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करायला हंटर आयोग आला, तेव्हा त्यांनी त्याच्यापुढे लेखी निवेदन ठेवलं. शिक्षणासाठी म्हणून खास पट्टी गोळा करता, पण ती त्या कामासाठी खर्च होत नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. इलाख्यातल्या दहापैकी नऊ गावांत, म्हणजे सुमारे दहा लाख मुलांसाठी शिकण्याची काही सोय नाही, असं त्यात आहे. सरकारच्या तिजोरीत येणारा पैसा बहुतेक कष्टकरी रयतेचा आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, ही त्यांची तक्रार.

मला सगळ्यांत भावलं ते शिक्षकांविषयीचं. तेव्हाच्या प्राथमिक शिक्षकांचा पगार क्वचितच दहा रुपयांवर जाई आणि ट्रेनिंग घेतलेले थोडेच. जोतीरावांचं म्हणणं, कुणालाही बारा रुपयांपेक्षा कमी देऊ नका, मोठ्या गावात पंधरा ते वीस द्या. गावचे हिशेब तपासणं, दस्तांची नोंदणी, पोस्टाचं काम, स्टँपविक्री अशी कामं शिक्षकाकडे द्या, म्हणजे गावात त्याचा मान वाढेल. तेव्हा जवळजवळ सगळे शिक्षक ब्राह्मण होते. जोतीराव म्हणतात, शिक्षक होता होईल तो शेतकरी समाजातून तयार करा. तो लोकांत मिसळेल, त्यांची गरज ओळखेल आणि वेळ आली तर नांगराला हात लावायला लाजणार नाही. मुलामुलींचं प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा, असंही ते म्हणाले. आपल्याकडे सहा ते चौदा वयासाठी शिक्षणहक्काचा कायदा झाला २००९ साली. म्हणजे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ गेला!

आणि मुलींचं काय? त्याच आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली. मुलींना शिकवायचं तर शिक्षिका हव्यात, तपासणीलाही बायकाच हव्यात, अशी त्यांची मागणी. शिक्षिकांना पुरुषांपेक्षा जास्त पगार द्या, हेही त्यांनी सांगितलं. १८८२ मध्ये, बरं का मैत्रिणींनो!

पण शिक्षिका आणायच्या कुठून? पुण्यात १८७०च्या सुमारास बायकांसाठी ट्रेनिंग कॉलेज निघालं होतं. मुली दहा-अकराव्या वर्षी लग्न होऊन शाळेतून जायच्या, मग शिक्षिका होणार कोण? म्हणून शिक्षकांच्या बायकांना आणि विधवांना शिकवायचं, हा मार्ग काढला गेला. नवरा मुलांच्या शाळेत आणि बायको मुलींच्या. परक्या गावात एकट्या बाईनं राहायचं कसं, हा प्रश्नही त्यातून सुटायचा.

हे वाचताना मला आमच्या वस्तीवरच्या दोन मुली आठवत होत्या. वस्तीवरची शाळा चौथीपर्यंत. इथल्या बाई गेल्या वर्षी बदलून गेल्या. पाचवीला शेजारच्या गावात जायचं, दोन किलोमीटर चालत, आणि तिथे सगळे गुरुजीच. गुरुजी चांगले आहेत, तक्रार काही नाही. पण एकीची आई मला म्हणाली होती, "ताई, पोरगी आता मोठी व्हायला लागली. पोटात दुखलं तर सांगंल कुणाला? एक तरी बाई असती तर डोळं झाकून पाठवली असती." तेव्हा मी तिला शिक्षणाचं महत्त्व समजावत बसले होते. ते तिला माझ्याइतकंच कळत होतं. तिची अडचण वेगळी होती आणि रमाबाईंनी ती केव्हाच सांगून ठेवली होती. मला माझीच लाज वाटली.

पुढच्या बैठकीत मी बायकांना चार पैंचा हिशेब सांगितला. मावशी लगेच म्हणाल्या, "म्हंजी शाळा आपल्याच पैशाची की वो!" कुणीतरी घरातून साऱ्याची पावती आणली. जिल्हा परिषदेचा उपकर तिच्यावर आजही आहे. रक्कम किरकोळ, पण सगळ्या जणी त्या ओळीवर बोट ठेवून पाहत होत्या.

मग ग्रामसभेला आम्ही एकवीस जणी गेलो. पत्र्यांचं अंदाजपत्रक मागितलं, समितीच्या खात्यात काय आलं आणि काय गेलं ते वाचून दाखवायला लावलं. शेजारच्या गावच्या शाळेत एक तरी शिक्षिका द्यावी, असा अर्ज सह्यांनिशी दिला. पहिली सही मावशींची. पत्रे पावसाआधी बदलून झाले. शिक्षिका अजून आलेली नाही, अर्जाचा पाठपुरावा चालू आहे.

तोवर थांबायचं नाही असं ठरलं. जूनपासून त्या दोघी आणि आणखी तिघी अशा पाच मुली एकत्र शाळेत जातात. मावशींची सून त्याच वाटेनं शेतावर जाते, ती सकाळी सोबत करते. दुपारच्या सुट्टीत शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताई मुलींची विचारपूस करतात, काही दुखलं-खुपलं तर त्यांनाच सांगायचं, हे मुलींना माहीत आहे.

तुमच्याही घरात साऱ्याची किंवा घरपट्टीची पावती असेलच. एकदा चष्मा लावून ती नीट वाचा आणि मग गावच्या शाळेत चक्कर मारून या. पत्रे गळत असतील, बाई नसतील, तर विचारायला संकोच कसला? हा पैसा आपल्या पणज्यांपासून आपण भरत आलो आहोत.