पडद्यावरील पट आणि खिलाडूवृत्ती

बुद्धिबळाच्या पटावर ज्या मोहऱ्याला हात लावला ते खेळलेच पाहिजे, हा नियम फार जुना आहे. मोहरे केवळ घरात नीट बसवायचे असेल, तर तसे आधी बोलून दाखवावे लागते. आणि चाललेले मोहरे हातातून सुटले की चाल कायम झाली. 1924 साली पॅरिस येथे स्थापन झालेल्या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, म्हणजे 'फिडे'च्या, नियमावलीत हेच तत्त्व आहे. 1994 साली स्पेनमधील लिनारेस येथे गॅरी कास्पारोव्हने 17 वर्षांच्या ज्युडिट पोल्गारविरुद्ध एक घोडा एका घरात टेकवला आणि क्षणार्धात तो तेथून उचलून दुसऱ्या घरात नेला. त्याची बोटे घोड्यापासून अल्पकाळ सुटली होती, असे पुढे चित्रफितीवरून दिसून आले. पोल्गारने खेळ चालू असताना पंचांकडे दाद मागितली नव्हती. तिने तो डाव गमावला, आणि ते क्षणार्ध बुद्धिबळाच्या जगात अद्याप विसरले गेलेले नाही.

संगणकाच्या पडद्यावर मात्र झालेली चाल परत मागण्यासाठी एक स्वतंत्र बटणच ठेवलेले असते. ही सोय मुळीच गैर नाही. भ्रमणध्वनीच्या लहानशा पटावर बोट घसरते आणि वजीर इष्ट घराच्या एक घर अलीकडे जाऊन पडतो. ही चूक बुद्धीची नसून बोटाची असते. थिबो दुप्लेसी या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने 2010 साली सुरू केलेल्या 'लीचेस' या विनामूल्य संकेतस्थळावर चाल परत मिळण्यास प्रतिपक्षाची संमती लागते. शिवाय अशी विनंती कधीच नको, केवळ मैत्रीच्या डावांत चालेल, की नेहमीच चालेल, हे प्रत्येक खेळाडू आधी ठरवून ठेवू शकतो. एवढ्यावर सारे निर्वेध व्हावयास हवे होते. पण ज्याचे बोट घसरले तोही तेच बटण दाबतो आणि ज्याचा विचार घसरला तोही तेच. समोरच्याला ते कळण्याचा मार्ग नाही. काही जण नकार मिळाल्यावर पुन्हा पुन्हा विनंती धाडतात, आणि घड्याळात मोजके सेकंद उरलेल्या प्रतिपक्षाचे लक्ष पटावरून त्या सूचनेकडे वळते. याहून क्षुद्र प्रकारही आहे: स्वतः एकदा सवलत घ्यावयाची आणि समोरच्यावर तशी वेळ आली की मुकाट्याने नाकारावयाची. नियमाने तो निर्दोष ठरतो.

बरोबरीच्या प्रस्तावाचेही असेच आहे. समोरासमोरच्या खेळात प्रस्ताव केव्हा मांडावा, याचा शिष्टाचार ठरलेला आहे: आपली चाल करावी, प्रस्ताव मांडावा, मग घड्याळाची कळ दाबावी. एकदा मांडलेला प्रस्ताव मागे घेता येत नाही. विनाकारण बरोबरी सुचवीत राहणे म्हणजे प्रतिपक्षाला त्रास देणे होय, असे फिडेची नियमावली स्पष्ट शब्दांत सांगते. पटासमोर बसलेला माणूस डोळ्यांना डोळे भिडवून दहा वेळा बरोबरी मागण्यास लाजेल. निनावी पडद्याआड ती लाज उरत नाही.

प्रतिपक्षाला वेळ दान करण्याची सोय मला या सर्वांत अधिक उद्‍बोधक वाटते. लीचेसवर एका कळीसरशी त्याच्या घड्याळात 15 सेकंदांची भर पडते आणि त्यासाठी त्याची संमती लागत नाही. समोरच्याचा संपर्क अडखळत आहे असे दिसल्यास हे खरे औदार्य ठरते. पण जिंकण्याच्या बेतात असलेला खेळाडू हरणाऱ्याला असे सेकंद वरचेवर देऊ लागला, तर ती उघड हेटाळणी होते. घ्यावयाचे नसलेले दान परत करण्यासाठी कोणतेही बटण नाही.

डाव सुरू होताच तो रद्द करण्याची मुभा अनवधानाने जुळलेल्या जोडीसाठी असते. काळी मोहरी वाट्याला आली की ती वापरणारेही आढळतात. हरत आलेला डाव न सोडता घड्याळ शून्यावर येईपर्यंत गप्प राहणे हीही तशीच जुनी खोड आहे. असे वारंवार करणाऱ्याला संकेतस्थळ काही काळ खेळण्यास मना करते. तथापि दहा मिनिटे खरोखर विचार करणारा आणि दहा मिनिटे सूड उगवणारा यांची घड्याळे सारखीच चालतात.

लीचेसवरील एका स्पर्धाप्रकारात 'बर्सर्क' नावाची सवलत आहे. डावाच्या आरंभी खेळाडू स्वतःचा वेळ निम्मा करून घेतो आणि जिंकल्यास त्याला एक गुण अधिक मिळतो. हा साहसाचा मोबदला आहे. परंतु साहस केल्याचे दाखवून चार चालींत डाव उरकला तर? म्हणून किमान 7 चाली खेळल्याशिवाय तो वाढीव गुण मिळत नाही. पहिल्या 10 चालींतच बरोबरी झाल्यास तेथे कोणालाच गुण नसतो. एकेक सवलत अशी अटींनी वेढली जाते, आणि त्या अटी प्रामाणिक खेळाडूलाही पाळाव्या लागतात.

संपर्क तुटणे ही तर सवलतही नव्हे, आपत्ती आहे. पण तिचा न्याय करताना हीच अडचण येते. 2020 च्या ऑनलाइन ऑलिंपियाडमध्ये भारताविरुद्धच्या लढतीत आर्मेनियाच्या एका खेळाडूचा संपर्क तुटला आणि तो वेळेवर हरला. आर्मेनियाचे अपील फेटाळले गेले. त्या संघाने निषेध म्हणून स्पर्धाच सोडली. पुढे 30 ऑगस्ट रोजी रशियाविरुद्धच्या अंतिम लढतीत भारताचा निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख (हिनेच पुढे 2025 साली महिलांचा विश्वचषक जिंकला) यांचे संपर्क तुटले. त्या दिवशी जगाच्या अनेक भागांत इंटरनेट सेवा कोलमडली होती. भारताने दाद मागितली आणि फिडेचे अध्यक्ष आर्कादी द्‍वोर्कोविच यांनी दोन्ही देशांना सुवर्णपदक दिले. दुसऱ्या प्रसंगी बिघाड जगभरचा होता, हा फरक खरा आहे. पण पहिल्या प्रसंगी नियमाच्या काटेकोरपणाचा लाभ आपल्याला झाला आणि दुसऱ्या प्रसंगी त्याच्या शिथिलतेचा, हेही भारतीय वाचकाने नजरेआड करू नये.

त्याच वर्षी 'चेसेबल मास्टर्स' या ऑनलाइन स्पर्धेत चीनच्या डिंग लिरेनचा मॅग्नस कार्लसनविरुद्ध खेळताना संपर्क तुटला आणि डाव त्याच्या हातून गेला. नियमाने तो गुण कार्लसनचा होता. कोणी आक्षेप घेतला असता तरी निकाल बदलला नसता. त्यानंतरच्या डावात कार्लसनने सुरुवातीच्या मोजक्या चालींतच आपला वजीर मुद्दाम माराखाली नेऊन ठेवला आणि लागलीच डाव सोडून दिला. असे करण्यासाठी कोणत्याही संकेतस्थळावर वेगळी कळ नाही. त्याने जी वापरली ती डाव सोडण्याची, सर्वांना ठाऊक असलेली कळ होती.