कुळाचा माग (६) : आडनाव गावातच सापडत नाही

मागच्या रविवारी आपण शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरपर्यंत पोचलो होतो. तिथे पणजोबांचं पूर्ण नाव मिळालं की वाटतं, आता मूळ गावी जावं, जुनी दप्तरं उघडावीत आणि याच आडनावाचा हात धरून मागे मागे चालावं. मीही तेच केलं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी ‘कर’ असलेलं. त्या गावचे जुने कागद दोन दिवस चाळले, पण त्या आडनावाचं एकही घर निघालं नाही.

उलगडा झाला तो नाशिकला, आमच्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यजमानांच्या वंशावळीच्या वह्या ठेवणाऱ्या पुरोहितांच्या ओटीवर. “अहो, चिपळुणात राहणाऱ्याला चिपळूणकर कोण म्हणेल?” ते म्हणाले. गाव सुटल्यावरच गावाचं नाव माणसाला चिकटतं. म्हणजे ‘कर’ असलेलं आडनाव हा सहसा स्थलांतराचा पुरावा. घराणं कुठून निघालं ते त्यातून कळतं, पण निघण्याआधी त्याला काय म्हणत, ते दुसरीकडे शोधावं लागतं. मास्टर दीनानाथांनी मंगेशकर हे आडनाव मंगेशी गावावरून घेतलं. त्यांचे वडील मंगेशीच्या देवळात पूजाअर्चा करत आणि तिथे अभिषेकी म्हणून ओळखले जात. हुद्द्याचंही तसंच. नाना फडणीस हे वेळासचे भानू. फडणीस शोधत वेळासला गेलात तर रिकाम्या हाताने परत याल.

त्याहून मागे गेलं की आडनाव कागदावरून जवळजवळ पुसलंच जातं. थोरल्या बाजीरावांचं घराणं श्रीवर्धनच्या भटांचं, पण कागदोपत्री ते बाजीराव बल्लाळ. बल्लाळ म्हणजे वडील बाळाजी. नानासाहेब बाळाजी बाजीराव, आणि त्यांचे चिरंजीव पुन्हा माधवराव बल्लाळ. पेशव्यांची ही तऱ्हा, तर रयतेचं काय? गावकीच्या कागदांत ‘अमका बिन तमका’ एवढंच, ‘बिन’ म्हणजे मुलगा. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत, तर अनेकदा बाळाचं नावच नसतं. बारशाआधी वर्दी दिलेली असते, म्हणून नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. तिथे पूर्वजाचं नाव घेऊन बसणारा वर्षभर बसेल. म्हणून माझा आग्रह आहे : आडनाव बाजूला ठेवा. बापाचं नाव, गाव आणि जात, या तीन गोष्टी हाताशी धरा.

आणि साल. पेशवाईतल्या कागदांवर बहुधा शुहूर सन असतो, तोही अरबी शब्दांत आणि मोडी अक्षरांत. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार : ११७३. त्यात ५९९ मिळवले की इसवी १७७२. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मे महिन्यांतल्या कागदाला ६०० मिळवायचे. ही बेरीज चुकली की बाप मुलापेक्षा धाकटा ठरतो.

इथे कागदावरून आडनाव पुसलं गेलं, मॉरिशसच्या मराठी घरांत उलट बापाचं नावच आडनाव झालं. १८३४ पासून करारावर तिथे जहाजं भरून मजूर गेले, त्यांत रत्नागिरीकडचीही माणसं होती. तिथल्या वहीत माणसाचं नाव आणि बापाचं नाव लिहिलं गेलं आणि पुढच्या पिढ्यांत त्या नावांचीच आडनावं झाली. पण प्रत्येक मजुराला क्रमांक होता, आणि नोंदीत वय, जिल्हा, गावही लिहीत. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्या वह्या जपल्या आहेत. तिथून कोकणातल्या गावाचं नाव घेऊन येणाऱ्यालाही इथे बापाच्या नावानेच शोध घ्यावा लागतो.

पुन्हा नाशिकच्या ओटीवर येतो. उपाध्यायांनी आमच्या आडनावाची वही बाजूला सारली आणि गावाची काढली. तिसऱ्या पानावर पणजोबांचे आजोबा भेटले, आम्ही घरात कधीच न ऐकलेल्या आडनावाने. बापाचं नाव, आज्याचं नाव, दोन भाऊ, आणि पुढे ‘हल्ली वस्ती’ म्हणून आम्ही आजही जिथे राहतो ते गाव. मी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. खाली त्यांची स्वतःची सही होती, मोडीतली, लेखणी न उचलता काढलेली. ती लावायला मला वीस मिनिटं लागली. मोडी घरबसल्या कशी शिकायची, ते पुढच्या रविवारी.